बदल केलेल्या टूरिंग मोटरसायकलची तेलं, कूलंट, ब्रेक फ्लुइड : पावसानंतरची तपासणी (गोवा)

चोर्लाकर (डिचोली)

मंडळी, पाऊस ओसरला, चवथ आटोपली. आता कोणी गोकर्णाला निघेल, कोणी हंपीला, कोणी आंबोलीवरून कोल्हापूरला. त्याआधी एका विषयावर नीट बोलून घेऊ. गाडीला नवीन काय लावलं त्याचे फोटो इथे भरपूर येतात. पण त्या बदलांनंतर तेल कसं तपासायचं आणि कधी बदलायचं, यावर फारसं कोणी लिहीत नाही.

माझं म्हणणं असं, की मॅन्युअल कंपनीतून निघालेल्या गाडीसाठी लिहिलेलं असतं. आपण हँडल उंच केलं, टायर जाडा घातला, ऑइल कूलर मोठा लावला, इंजिनखाली ते वाचवायला जाड पत्र्याची बॅश प्लेट ठोकली, की खुणा त्याच राहतात पण त्यांचा अर्थ बदलतो. प्रत्येक बदलानंतर सगळ्या पातळ्या नव्याने समजून घ्याव्या लागतात.

माझी गाडी रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४११. हँडलखाली रायझर (ते उंच करणारे तुकडे), पुढे-मागे स्टीलच्या जाळीचे ब्रेक होज (द्रवाच्या नळ्या), पुढच्या फोर्कमध्ये (पुढच्या चाकाच्या शॉकमध्ये) प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दाबत जाल तशी कडक होणारी स्प्रिंग, बॅश प्लेट, मागे दोन पत्र्याच्या पेट्या. ही गाडी हवेवर आणि तेलावर थंड होते, म्हणून कूलंटबद्दल मी लिहीत नाही. ज्यांच्याकडे रेडिएटरची गाडी आहे त्यांनी भर घालावी.

आधी इंजिन ऑइल. इंजिनवरच्या तेलाच्या काचेत पातळी बघायची तर गाडी सरळ उभी हवी, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मागचा टायर जाडा किंवा शॉक लांब असेल तर मधल्या स्टँडवर गाडी पूर्वीसारखी उभी राहत नाही, पुढे-मागे कलते. पेट्या भरलेल्या असल्या तर आणखी फरक पडतो. म्हणून पेट्या काढा, गाडी सपाट फरशीवर घ्या आणि गवंड्याची छोटी पाणसळ असेल तर एकदा इंजिनच्या सपाट भागावर ठेवून खात्री करा. इंजिन काही मिनिटं चालवा, बंद करा, तेल खाली उतरू द्या, मग बघा. बाहेरचा मोठा कूलर लावलेला असेल तर तेल काढलं तरी थोडं जुनं तेल त्या कूलरमध्ये आणि नळ्यांमध्ये राहतंच. नवीन तेल खुणेपर्यंत भरलं, इंजिन सुरू केलं, की कूलर आणि फिल्टर आपापलं तेल ओढून घेतात आणि पातळी खाली जाते. त्यामुळे दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. उलट, आधीच जास्त ओतून ठेवू नका. जास्तीचं तेल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरच्या डब्यात जातं.

बॅश प्लेटचा त्रास वेगळा. काही प्लेटांना ड्रेन बोल्टसमोर भोक असतं. त्यातून तेल सोडलं की थोडं प्लेटच्या आतल्या बाजूला पसरतं आणि पुढचे कितीतरी दिवस थेंब थेंब पडत राहतं. खरी गळती आणि हे सांडलेलं तेल यातला फरक मग कळत नाही. मी प्लेट पूर्ण काढूनच तेल बदलतो. काढली की आत काय साठलंय तेही दिसतं: तांबडी माती, वाळू, आंब्याची वाळलेली पानं. सायलेन्सरच्या नळीजवळ वाळलेली पानं असणं चांगलं नाही. ड्रेन बोल्टचा तांब्याचा वायसर दर वेळी नवा घाला, आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. अॅल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे एकदा गेले की खर्च तेलाच्या कितीतरी पट होतो. फिल्टर काढण्याआधी तो कोणत्या बाजूने बसलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता ब्रेक. गोव्यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉलवर आधारलेले ब्रेकचे द्रव आहेत आणि ते हवेतला ओलावा शोषतात. रिझर्व्हॉयरच्या (द्रवाच्या डबीच्या) झाकणातून आणि रबरी होजमधून ओलावा हळूहळू आत जात राहतो. नवीन डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळलं की हा किमान आकडा १५५ अंशांवर येतो. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. आता आपली हवा आठवा. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते, तिथे ब्रेकच्या डबीतला द्रव कोरडा कसा राहील?

गेल्या हिवाळ्यात आम्ही चोर्ला घाटातून केरीकडे उतरत होतो. आमच्यातल्या एकाच्या मागे बायको बसलेली, दोन्ही पेट्या भरलेल्या, आणि त्याचा पाय सतत मागच्या ब्रेकवर. उतार संपत आला तेव्हा पेडल एकदम मऊ पडलं, दाबलं की थेट खालपर्यंत जायला लागलं. गाडी गिअरवर आणि पुढच्या ब्रेकवर थांबवली. मागच्या डिस्कजवळ हात नेला तर दुरूनच धग लागत होती. बराच वेळ थांबलो आणि पेडल पुन्हा कडक झालं. द्रव उकळून वाफ झाली होती. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडलचा जोर पॅडपर्यंत पोचत नाही. थंड झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि ब्रेक आपोआप बरा झाल्यासारखा वाटतो. घोटाळा तिथेच होतो, कारण माणूस निर्धास्त होऊन पुढच्या घाटाला निघतो. घरी आल्यावर निप्पल (द्रव बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) सोडला तेव्हा नळीतून आलेला द्रव कोऱ्या चहाच्या रंगाचा होता. नवीन डॉट ४ जवळजवळ पाण्यासारखा, फिकट पिवळसर असतो.

उंच केलेल्या हँडलबद्दल एक गोष्ट. रायझर लावून हँडल थोडं मागे फिरवलं की ब्रेकची डबी तिरकी होते आणि काचेतली पातळी खोटी दिसते. गाडी सरळ धरून, डबीचं झाकण जमिनीला समांतर येईल एवढं हँडल वळवा आणि मग बघा. होजची लांबीही तपासा: हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, आणि पुढचं चाक उचलून फोर्क पूर्ण लांब झालेला असताना. होज कुठेही ताणला जाता कामा नये.

---

मोलेवाट (धारबांदोडा)

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे.

इंजिन ऑइलबद्दल विचारायचं होतं. आमच्या इथला मेस्त (मेकॅनिक) म्हणतो गोव्यात गरमी आहे, १५डब्ल्यू-५० कशाला, २०डब्ल्यू-५० टाक. आणि एका दुकानदाराने गाड्यांचं, म्हणजे मोटारकारचं, फुल सिंथेटिक दाखवलं. महाग आहे म्हणजे चांगलंच असेल ना?

---

चोर्लाकर (डिचोली)

मोलेवाट, कारचं तेल टाकू नका. आपल्या गाड्यांचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच पातळ तेलांत इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात, आणि क्लचला तर घर्षणच हवं. बाटलीवर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघा. एमबी लिहिलेलं तेल कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी असतं. किंमत किती आहे यावरून काही ठरवू नका.

आकड्यांचं म्हणाल तर डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीसाठी असतो. १५डब्ल्यूची चाचणी उणे २० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. मोल्यात काय आणि पणजीत काय, तिथपर्यंत आपण कधी जाणार नाही. पुढचा ५० हा आकडा तेल १०० अंशांवर तापल्यावर किती दाट राहतं ते सांगतो, आणि तो दोन्हीत एकच आहे. म्हणून गोव्याच्या गरमीसाठी २०डब्ल्यू घेऊन विशेष काही मिळत नाही. हिवाळ्यात हिमाचलला गाडी नेणार असाल तर मात्र १५डब्ल्यूच बरं. माझं मत विचाराल तर कंपनीने सांगितलंय तेच टाका आणि बदलण्याची तारीख पाळा.

---

सासष्टीची लाट (मडगाव)

चोर्लाकर दादा, कूलंटबद्दल मी लिहिते. माझी केटीएमची ३९० अॅडव्हेंचर आहे. रेडिएटरवर जाळी, क्रॅश गार्डवर दोन जादा दिवे, खाली प्लेट.

जाळीपासूनच सुरू करते. दगडापासून रेडिएटर वाचतो हे खरं, पण बारीक जाळी हवाही अडवते. उसगाव, सावर्डे, कुडचडे या खाणपट्ट्यातून गाडी नेली की ट्रकांची तांबडी धूळ जाळीत बसते, त्यावर पाऊस पडला की तिचा लेप होतो. मग गर्दीत पंखा सारखा चालू राहतो आणि लोक म्हणतात कूलंट खराब झालं. आधी जाळी काढून रेडिएटर साध्या नळाच्या पाण्याने आतून बाहेर धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पात्या वाकतात.

कूलंट म्हणजे साधारण निम्मं इथिलीन ग्लायकॉल, निम्मं पाणी आणि गंज रोखणारी रसायनं. हे ५०-५० मिश्रण उघड्या हवेत सुमारे १०७-१०८ अंशांना उकळतं, रेडिएटरच्या झाकणाने दाब धरला की आणखी वर. म्हणून झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर कूलंट नवा असूनही गाडी उकळते. झाकणाकडे कोणी बघतच नाही, तुम्ही बघा. आणि गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका.

पाणी कमी झालं म्हणून बांयचं (विहिरीचं) पाणी ओतणारे मी बघितलेत. आपल्या जांभ्या दगडातल्या विहिरींच्या पाण्यात लोह असतं, इतर क्षारही असतात. ते अॅल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये जाऊन बसतात. डिस्टिल्ड वॉटर बऱ्याच पेट्रोल पंपांवर मिळतं, एक बाटली पेटीत ठेवा. शक्यतो तयार मिसळलेला कूलंट घ्या. हिरवा, निळा, गुलाबी या रंगांवरून आत काय आहे ते कळत नाही, म्हणून रंग जुळला तरी दोन कंपन्यांचे मिसळू नका. बदलायचाच असेल तर पूर्ण काढा, डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग भरा.

माझ्या गाडीतला बदलाचा भाग असा, की दिवे आणि गार्ड बसवताना कूलंटची टाकी थोडी सरकवावी लागली. टाकी हलवली तर नळी दुमडत नाही ना, आणि ती टाकीच्या तळापर्यंत पोचते ना, हे बघावं लागतं. इंजिन थंड होताना टाकीतला कूलंट त्याच नळीतून परत ओढला जातो. नळी वर राहिली तर हवा ओढली जाते आणि रेडिएटर हळूहळू रिकामा होतो, टाकी मात्र भरलेली दिसते. पातळी थंड गाडीवर, दोन खुणांच्या मध्ये.

घरात कुत्रा-मांजर असेल तर सांडलेला कूलंट लगेच धुऊन काढा. चवीला गोड असतो आणि जनावरांना विषारी.

---

जुना टूरर (पर्वरी)

चांगला धागा. माझी हार्ले टूरिंग, बरीच जुनी. तिच्यात एका नव्हे तर तीन जागी तेल असतं: इंजिनचं वेगळं, प्रायमरी चेनचं वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. इंजिनाच्या तेलाची पातळी गाडी तापलेली असताना, साइड स्टँडवर कललेली ठेवून, डिपस्टिकने बघायची. म्हणजे तुमच्या हिमालयनच्या बरोबर उलट. त्यामुळे साइड स्टँड लांब-आखूड केला किंवा गाडी खाली बसवली की डिपस्टिकवरचं वाचन बदलतं. दुसऱ्याची पद्धत ऐकून आपल्या गाडीत तेल ओतू नये, एवढंच सांगतो.

दुसरं, माझ्या वयाच्या हार्लेत ब्रेकला डॉट ५ येई. तो सिलिकॉनचा. नंतरच्या गाड्यांत डॉट ४ आला. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. नाव सारखं वाटतं म्हणून डॉट ५ आणि डॉट ५.१ यांत गल्लत करू नका. ५.१ हा ४ च्याच जातीचा आहे, ५ नाही. डबीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा.

---

नवा स्वार (म्हापसा)

माझ्या गाडीच्या पुढच्या ब्रेकच्या डबीत पातळी खालच्या खुणेजवळ आली आहे. वरून थोडा डॉट ४ ओतून भरू का? दुकानात उघडलेली बाटली स्वस्तात देतो म्हणाले.

---

चोर्लाकर (डिचोली)

उघडलेली बाटली घेऊ नका. आपल्या हवेत ती उघडल्या दिवसापासून ओलावा पिते. २५० मिलीची सीलबंद घ्या. उरलेलं पुढच्या वर्षासाठी राखून ठेवू नका.

आणि ओतण्याआधी पॅड बघा. पॅड झिजले की कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर येतात आणि द्रव त्यांच्या मागे जातो, म्हणून डबीतली पातळी उतरते. हे नैसर्गिक आहे. आता वरपर्यंत भरलंत आणि महिन्याने नवे पॅड घातलेत की पिस्टन आत ढकलताना तोच द्रव डबीतून बाहेर येईल आणि टाकीचा रंग खाईल. पॅड जाड आहेत आणि तरी पातळी उतरली, तर गळती शोधा: बँजो बोल्टचे (होज जोडणाऱ्या बोल्टचे) वायसर, कॅलिपर, मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा ब्रेकचा पंप). तोवर गाडी घाटात नेऊ नका.

---

मोलेवाट (धारबांदोडा)

एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या) गाडीला घरी ब्रेक ब्लीड करता (जुना द्रव आणि हवा बाहेर काढता) येतो का? सर्व्हिस सेंटरवाले नाही म्हणतात.

---

जुना टूरर (पर्वरी)

नेहमीप्रमाणे द्रव बदलायला हरकत नसते, अट एकच: डबी कधीही रिकामी होऊ द्यायची नाही. लिव्हर दाबायचा, निप्पल सोडायचा, बंद करायचा, मग लिव्हर सोडायचा, आणि मध्ये मध्ये डबी भरत राहायची. हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर मात्र बऱ्याच गाड्यांना कॉम्प्युटर लावून तो पंप चालवावा लागतो, ते घरी होत नाही. नवीन स्टीलचे होज बसवताना लाइन रिकामी होतेच, म्हणून ते काम सर्व्हिस सेंटरमध्येच करून घेतलेलं बरं. ब्रेकचं काम पहिल्यांदा करताना जाणकार माणूस शेजारी हवा.

---

किनारपट्टी (काणकोण)

फोर्कबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे खारं वारं आणि वाळू, त्यामुळे फोर्कचे सील लवकर जातात. हिमालयनला फोर्कवर रबरी घड्यांचं आवरण असतं. ते चांगलंच आहे, पण गळती त्याच्या आड लपते. आवरण वर सरकवून नळीवर बोट फिरवा. तेलाचा ओला पट्टा लागला तर लगेच सील बदला, कारण ते तेल खाली कॅलिपरवर आणि पॅडवर उतरतं. तेल लागलेले पॅड पुसून वापरू नयेत.

चोर्लाकर, तुमच्या प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगसोबत तेल किती घातलंत? मॅन्युअलच्या मिलीनुसार?

---

चोर्लाकर (डिचोली)

नाही, मिली मोजून नाही. नवी स्प्रिंग जुनीपेक्षा कमी-जास्त जागा घेते, त्यामुळे तेवढंच तेल घातलं तरी वरची मोकळी हवा बदलते. आणि फोर्क खाली बसताना ती हवा स्प्रिंगसारखं काम करते. म्हणून स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, आणि नळीच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर मोजायचं. स्प्रिंग बनवणाऱ्याने ते अंतर कागदावर दिलेलं असतं, तेच धरायचं. दोन्ही पायांत मिलिमीटरचाही फरक नको. मी स्टीलच्या पट्टीला रबर बँड लावून खूण करतो.

फोर्क ऑइलच्या ५डब्ल्यू, १०डब्ल्यू या आकड्यांवर फार विसंबू नका. एका कंपनीचं १० दुसऱ्याच्या १० पेक्षा पातळ असू शकतं. बाटलीच्या मागे ४० अंशांवरची दाटता सेंटिस्टोक्समध्ये लिहिलेली असते, तुलना तिच्यावरून करा.

---

सासष्टीची लाट (मडगाव)

ब्रेकचा द्रव पावसाआधी बदलावा की नंतर? आमच्या गटात यावरून दर वर्षी वाद होतो. मी मे महिन्यात बदलते, पावसात ब्रेक चांगले हवेत म्हणून.

---

चोर्लाकर (डिचोली)

पावसात ब्रेक चांगले हवेतच, पण ओल्या रस्त्यावर डिस्क फारशी तापत नाही. त्या काळात पॅड आणि टायर जास्त महत्त्वाचे. द्रवाची खरी परीक्षा हिवाळ्यातल्या घाटात, सामानासकट होते. मे महिन्यात बदललात तर चार महिने ओल पिऊन तोच द्रव डिसेंबरात चोर्ला उतरणार. म्हणून मी ऑक्टोबर म्हणतो. बऱ्याच कंपन्या दोन वर्षं सांगतात, मी आपल्या हवेत दर वर्षी बदलतो. मत वेगळं असू शकतं, पण रबरी होज असलेल्यांनी तरी वर्षाच्या वर ताणू नये.

पावसात पणजी-पर्वरीसारख्या छोट्या फेऱ्या करणाऱ्यांनी ऑक्टोबरात तेलाची काचही बघावी. इंजिन पुरतं तापत नाही, आतल्या वाफेचं पाणी होऊन तेलात मिसळतं आणि काचेवर दुधट फेस दिसतो. लांब चक्कर मारून आल्यावर तो गेला तर ठीक. रेडिएटरच्या गाडीत गेला नाही आणि कूलंटही कमी होत असेल, तर कूलंट तेलात जातोय, गाडी चालवणं थांबवा. पाण्यात बुडलेल्या गाडीचं तेल काही न बघता बदला.

---

किनारपट्टी (काणकोण)

शेवटचा प्रश्न माझाच. काढलेलं तेल कुठे टाकता? आमच्या वाड्यावर काही जण वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना लावतात.

---

चोर्लाकर (डिचोली)

खांबाचं तेल पहिल्याच पावसात मातीत जातं, आणि आपल्याकडे मातीखाली विहीर असते. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. मी ते नव्या तेलाच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरतो, नरसाळं लावून, झाकण घट्ट करून, वर तारीख लिहून. ब्रेकचा द्रव आणि कूलंट त्यात मिसळायचे नाहीत, वेगळ्या बाटल्या. मिसळलं की पुनर्वापरवाले घेत नाहीत. डिचोलीत ज्या गॅरेजमध्ये मी चेन-स्प्रॉकेट घेतो तिथे तेलाचं पिंप आहे, अधिकृत पुनर्वापरवाला येऊन ते नेतो. ते माझं तेलही ठेवून घेतात. काणकोणात मोठ्या सर्व्हिस सेंटरला विचारा, त्यांना असं पिंप ठेवावंच लागतं. जुना फिल्टर पिशवीत टाकण्याआधी रात्रभर उलटा ठेवून निथळू द्या, त्यातूनही बरंच तेल निघतं.